पाण्यातील फ्लोराइड आणि दारातले कुत्रे

दारातल्या कुत्र्याला आपण पाणी कोणते पाजतो, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण हसाल. कुत्र्याला पाणी पाजावे कुठे लागते? हापशाखालच्या डबक्यात, गुरांच्या डोणीत, न्हाणीच्या मोरीवर, जिथे मिळेल तिथे ते तोंड घालते आणि तहान भागवते. पण अलीकडे हा प्रश्न खरोखरच विचारला जातो. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते पाणी कुत्र्याला चालते का, असे लोक विचारतात. शहरात हौसेने कुत्रे पाळणाऱ्यांच्या मनात हे विचारताना अमेरिकेसारख्या देशांतली चाल असते. तिकडे नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडे फ्लोराइड मिसळतात. आपल्याकडे ते कोणी मिसळत नाही. आपल्याकडे ते जमिनीतून, खडकातून, न बोलावता पाण्यात उतरते, आणि काही गावांत नको तितके उतरते. म्हणून आपल्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुत्र्याचा राहत नाही. ज्या पाण्यावर राखणीचे कुत्रे जगते, त्याच पाण्यावर गोठ्यातले वासरू आणि घरातले पोरही जगते. एकाचे उत्तर शोधताना तिघांचेही सापडते.

आधी फ्लोराइड म्हणजे काय ते पाहू. फ्लोरिन हे एक मूलद्रव्य आहे. ते मोकळे कधी सापडत नाही. दुसऱ्या कशाशी तरी जोडी जमवूनच राहते. या जोडीतल्या फ्लोरिनला फ्लोराइड म्हणतात. ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीच्या जुन्या खडकांत फ्लोराइड असलेली खनिजे असतात. पावसाचे पाणी मुरत मुरत त्या खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षे राहिले, की थोडे थोडे फ्लोराइड त्यात विरघळते. इथे चुन्याचा संबंध येतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवते, फार विरघळू देत नाही. उलट पाणी मऊ, खारट-सोडायुक्त आणि कॅल्शियम कमी असलेले असेल तर फ्लोराइड मोकळेपणाने उतरते. म्हणून पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो ते पाणी फ्लोराइडचे, असा जो समज आहे तो खरा नाही. बऱ्याचदा गोष्ट उलटी असते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, आणि पाण्यात असते तेवढ्याला चवही नाही. जिभेने ते कळत नाही, तपासणीनेच कळते.

मोजायचे कसे? दर लिटरला किती मिलिग्रॅम, या मापाने. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणायचे तर दहा हजार लिटरचा टँकर घ्या. एवढ्या पाण्यात अवघे दहा ग्रॅम फ्लोराइड असले, की ते प्रमाण झाले. इतक्या थोड्याशा वस्तूचा एवढा बाऊ का करावा, असे वाटेल. पण शरीराच्या हिशेबात हा थोडेपणाच महत्त्वाचा आहे.

या शोधाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेला. तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते. त्याने तीस वर्षे या डागांचा पिच्छा पुरवला. शेवटी १९३१ साली ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ चर्चिल यांनी अशा डागांच्या गावचे पाणी तपासले, तेव्हा त्यात फ्लोराइड निघाले. पण मॅकेला आणखी एक गोष्ट दिसली होती. डागाळलेले हे दात किडत मात्र कमी. मग प्रमाण किती असावे याचा शोध सुरू झाला. लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम असेल तर कीड कमी होते आणि डागही फारसे पडत नाहीत, असे दिसले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. असे करणारे ते जगातले पहिले शहर. पुढे २०१५ साली अमेरिकेने मिसळण्याचे प्रमाण ०.७ मिलिग्रॅमवर आणले, कारण आता टूथपेस्टमधूनही फ्लोराइड पोटात जाते. आपल्या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ हाच आहे.

आता कुत्र्याकडे येऊ. आपल्या मानकात कुत्र्यासाठी वेगळा आकडा नाही. मग हिशेब आपणच मांडू. पंधरा किलो वजनाचे गावठी कुत्रे साधारण पाऊण ते एक लिटर पाणी दिवसाला पिते, उन्हाळ्यात जास्त. चार वर्षांच्या पोराचे वजनही जवळपास तेवढेच, आणि त्याचे पाणीही जवळपास तेवढेच. म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दोघांनी प्यायले, तर दोघांच्याही पोटात दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम जाते. यावरून एक साधा नियम निघतो. जे पाणी त्या पोराला निर्धोक, ते कुत्र्यालाही निर्धोक धरायला हरकत नाही. आणि जे पाणी पोराला देऊ नये, ते कुत्र्यालाही कायमचे देऊ नये.

मग पोराच्या दातांना थोड्या फ्लोराइडचा जो फायदा होतो, तो कुत्र्याला होतो का? फारसा नाही, कारण त्याला त्याची गरजच थोडी. कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते, त्याचे दात अणकुचीदार आणि सुटेसुटे असतात, आणि गूळसाखर त्याच्या वाट्याला कमी येते. कुत्र्याच्या तोंडाचे दुखणे असते ते हिरड्यांचे. तेव्हा कुत्र्याच्या दातांसाठी फ्लोराइड शोधत बसण्याचे कारण नाही. फक्त ते जास्त होत नाही ना, एवढेच पाहायचे.

एक भीती मात्र बोलून दाखवली पाहिजे, कारण ती कानोकानी फार फिरते. फ्लोराइडच्या पाण्याने हाडांचा कर्करोग होतो, ही ती भीती. तिचे मूळ आहे १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात. त्यांना पिण्याच्या पाण्याच्या मानाने कितीतरी पट जास्त फ्लोराइड पाजले होते. त्यांतल्या काही नरांना हाडांच्या गाठी झाल्या, पण पुरावा संदिग्ध आहे असे तपासणाऱ्यांनीच लिहिले. हाडांचा हा कर्करोग मोठ्या जातीच्या कुत्र्यांत माणसापेक्षा पुष्कळ जास्त आढळतो. म्हणून कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी अशा कुत्र्यांच्या घरी फ्लोराइड मिसळलेले पाणी येत होते की न मिसळलेले, याचा ताळा घेतला. योग्य प्रमाणात मिसळलेल्या पाण्याने हा रोग वाढतो, याला त्यांना आधार मिळाला नाही. तेव्हा एक मिलिग्रॅमच्या आतबाहेरच्या पाण्याबद्दल कुत्रे पाळणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये.

पण हे झाले मापातल्या पाण्याचे. माप सुटले की गोष्ट बदलते.

पोटात गेलेले फ्लोराइड रक्तात उतरते. त्यातले काही मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि बरेचसे हाडांत जाऊन बसते. शरीरातल्या एकूण फ्लोराइडपैकी शंभरात नव्व्याण्णव हिस्से हाडांत आणि दातांत असते. वाढत्या वयात हाडे ते अधिक ओढून घेतात. म्हणून धोका लहान जिवाला जास्त. तसेच म्हाताऱ्या, मूत्रपिंडे थकलेल्या जिवाला ते बाहेर टाकणे जड जाते. दातांचा नियम आणखी निराळा आहे. दाताचे लुकण घडत असतानाच फ्लोराइड जास्त झाले, तर डाग पडतात. एकदा दात घडून वर आला, की मग नवे डाग पडत नाहीत आणि पडलेले जातही नाहीत.

इथे कुत्रा आणि वासरू यांत फरक आहे. पिल्लाचे पक्के दात तीन महिन्यांपासून येऊ लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीसही पुरे होतात. त्यांचे लुकण घडण्याचा काळ फार थोडा, आणि त्यातला बराचसा आईच्या दुधावर जातो. आईने कितीही फ्लोराइड प्यायले तरी तिच्या दुधात ते फार कमी उतरते. वासराचे तसे नाही. त्याचे पुढचे पक्के दात दीड-दोन वर्षांनंतर येऊ लागतात आणि ते काम वयाच्या चारेक वर्षांपर्यंत चालते. तेवढा सगळा काळ ते डोणीतलेच पाणी पिते. पाणीही घागरभर नव्हे, हंडेच्या हंडे. म्हणून गावच्या पाण्याची साक्ष काढायची असेल, तर कुत्र्याचा जबडा उघडण्याआधी गोऱ्ह्याचे पुढचे दात पाहा. राजस्थानात डुंगरपूरच्या बाजूला झालेल्या पाहणीतही गाई-म्हशींच्या वासरांतच दातांचे डाग ठळक दिसले. शेळ्यामेंढ्यांत ते कमी होते.

आपल्या देशात हा रोग प्रथम ओळखला गेला तो जनावरांमुळेच. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात दर्शी नावाचा भाग आहे. पुढे तो प्रकाशम जिल्ह्यात गेला. तिथल्या शेतकऱ्यांना दिसले, की नांगराच्या बैलांचे सांधे आखडतात, दुखतात, आणि बैलांना चालवत नाही. माणसांची दुखणी पुढे आली. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दुखणे पाण्यातल्या फ्लोराइडचे आहे असे शास्त्रीय रीतीने मांडले. बैल आधी बोलला, माणूस मागून बोलला. आइसलँडमध्ये तर १७८३ साली लाकी ज्वालामुखीच्या राखेबरोबर फ्लोराइड गवतावर पडले आणि मेंढरांचे कळपच्या कळप मेले.

आणि हे सगळे दूरचेच आहे असे नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणी या बाजूला, चंद्रपुरात, नांदेडच्या किनवट भागात अशी गावे आहेत, जिथे पोरांचे दात पिवळे-तपकिरी दिसतात. लोक तंबाखूला दोष देतात, राखुंडीला देतात, नशिबालाही देतात. दात दिसतात म्हणून लग्न जमवताना अडते, आणि शाळेत पोरगी तोंडाला पदर लावून हसते. दोष मात्र तिचा नसतो, हापशाचा असतो. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर दातांवर डाग दिसू लागतात. तीन ते सहा मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडांची दुखणी येऊ शकतात. दहाच्या वर माणूस जायबंदी होण्यापर्यंत मजल जाते. गुरांच्या पाण्यासाठी साधारणपणे दोन मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात.

ओळखायचे कसे? फ्लोराइडचे डाग उजव्या-डाव्या दातांवर सारखे असतात. ते खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे किंवा तपकिरी, बहुधा आडव्या पट्ट्यांत असतात, आणि खरवडून जात नाहीत. कुत्र्याच्या दातांवर हिरडीजवळ जे पिवळे कवच बसते ते वेगळे. ते कीटण आहे, वरून चढलेले असते, आणि हत्याराने निघते. दोन्हींत गल्लत करू नये. जनावर लंगडू लागले, उठताना कण्हू लागले, जबड्यावर, फासळ्यांवर किंवा पायांच्या हाडांवर गाठी हाताला लागल्या, तर पशुवैद्याला दाखवा आणि पाणीही तपासून घ्या. लंगडण्याला इतर शंभर कारणे असतात, हेही ध्यानात असू द्या.

कुत्र्याच्या बाबतीत पाण्यापेक्षा दोन गोष्टी अधिक जपण्याजोग्या आहेत. पहिली, आपली टूथपेस्ट. शहरातून आलेली मंडळी कौतुकाने कुत्र्याचे दात आपल्याच पेस्टने घासतात. आपण चूळ भरून थुंकतो. कुत्रे थुंकत नाही, गिळते. हिशेब पाहा. साध्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. शंभर ग्रॅमची नळी दहा किलोच्या कुत्र्याने फाडून खाल्ली, तर किलोमागे दहा मिलिग्रॅम झाले. किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपासही ओकाऱ्या आणि जुलाब होऊ शकतात, आणि पाच-दहा मिलिग्रॅमवर जिवाला धोका असतो. तेच शंभर मिलिग्रॅम चांगल्या पाण्यातून जायला शंभर लिटर पाणी प्यावे लागेल! शिवाय काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याला स्वतंत्रपणे विषारी आहे. तेव्हा नळी उंच ठेवा. कुत्र्याने खाल्लीच, तर ते शुद्धीवर असताना आणि गिळता येत असेल तर थोडे दूध पाजा, कारण दुधातले कॅल्शियम फ्लोराइडला धरते. आणि लगोलग पशुवैद्याकडे न्या.

दुसरी गोष्ट हाडे. फ्लोराइड हाडांतच साठते, हे आपण पाहिले. मग फ्लोराइडच्या गावातल्या जनावराची हाडे रोज चघळणारे कुत्रे पाण्याशिवाय आणखी एका वाटेने फ्लोराइड खाते. हाडांचा चुरा घालून केलेल्या विकत्या खाद्यातही ते असते. एखादे हाड मिळाले म्हणून काही बिघडत नाही. पण पाणीच वाईट असेल तर वाढत्या पिल्लाला हाडांवर वाढवू नये. भाकरी-दूध बरे. गुरांच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. खनिज मिश्रण विकत घेताना ते फ्लोरिन काढलेल्या फॉस्फेटचे आहे ना, हे विचारून घ्या.

आता उपाय. पहिल्याने काय करून उपयोग नाही, ते सांगतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट दोन लिटरचे पाणी आटवून एक लिटर केले, तर फ्लोराइड दुपटीने दाट होते. ब्लीचिंग पावडरीने जंतू मरतात, फ्लोराइड तसेच राहते. फडक्याने गाळून, तांब्याच्या हंड्यात ठेवून, तुरटी नुसती फिरवूनही काम होत नाही. मात्र तुरटी आणि चुना ठरलेल्या मापाने घालून, नीट ढवळून, गाळ बसू देऊन वरचे पाणी काढले, तर फ्लोराइड बरेच कमी होते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने ही रीत बसवली, आणि आंध्रातल्या, म्हणजे आताच्या तेलंगणातल्या, नळगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ‘नळगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तुरटीचे माप पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि पाण्याच्या अल्कतेवर ठरते, म्हणून तपासणीशिवाय अंदाजाने करू नये. सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळण्याही असतात. त्या ठरावीक काळाने पुन्हा ताज्या कराव्या लागतात, नाही तर नुसती शोभा राहते.

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पाण्याची जागा बदलणे. एकाच गावात खोल बोअरचे पाणी वाईट आणि उथळ आडाचे पाणी बरे, असे पुष्कळदा निघते. म्हणून एकाच नमुन्यावर भिस्त न ठेवता प्रत्येक हापसा, प्रत्येक विहीर वेगळी तपासा. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच. पत्र्यावरून स्वच्छ साठवलेले पाणी गरजेला येते. तपासणी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत होते, आणि जलजीवन मिशनखाली २०१९ नंतर कित्येक गावांतल्या महिलांना तपासणीची लहान पेटी वापरायला शिकवली आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती पेटी कपाटात बंद असेल, तर ती उघडायला लावा.

खरी अडचण पुढेच आहे. चांगले पाणी दिवसाला चार हंडेच मिळते, आणि प्यायला घरात सहा माणसे, दोन बैल, एक गाय, वासरू आणि कुत्री-पिल्ले. मग ते कोणाला द्यायचे? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: ज्याची हाडे आणि दात घडत आहेत, त्याला आधी. पहिला हंडा आठ वर्षांखालच्या पोरांचा आणि गरोदर बाईचा, आणि मग घरातल्या इतरांचा. त्यातून वाचले तर ते वासराला आणि आईपासून तुटलेल्या पिल्लाला. पिल्लाला लागते तरी किती? दोन वाट्या. तेवढ्यासाठी कोणाचा घसा कोरडा राहत नाही. थोराड बैल आणि म्हातारे कुत्रे यांच्या हाडांत जे साठायचे ते बरेचसे साठले आहे. ते शेवटी आले तरी चालेल. पण त्यांच्यावर अन्याय होऊ नये असे वाटत असेल, तर सगळ्यांना पुरेल असे पाणी गावात यावे म्हणून ग्रामसभेत उभे राहणे, हाच मार्ग आहे.

गुरुजनहो, आपल्याला एक विनंती. पुढच्या विज्ञानाच्या तासाला चौथी-पाचवीच्या मुलांकडून एक वही करून घ्या. आपल्या घरी पाणी कोणत्या हापशाचे, घरात वासरू आहे का, कुत्रे आहे का, त्यांचे दात कसे दिसतात, कोणते जनावर लंगडते, एवढेच त्यांनी लिहावे. मुलांनी एकमेकांचे दात मात्र मोजू नयेत. त्यात उगाच कोणाची चेष्टा होते. जनावरांना लाज नसते, त्यांची नोंद मोकळेपणाने करता येते. मग गावाच्या नकाशावर प्रत्येक हापशापाशी त्या खुणा करा. एखाद्या हापशाभोवती खुणांची गर्दी झाली, तर त्याच हापशाचे पाणी बाटलीत भरून सगळ्यांत आधी प्रयोगशाळेत पाठवा. भूगोल, शास्त्र आणि गावाचे हित, असा तिन्ही विषयांचा हा एकच पाठ होईल. आणि अहवाल हाती आला, की तो कपाटात न ठेवता चावडीवर लावा. कारण त्या हापशावर उद्या सकाळीही कोणीतरी घागर लावणारच आहे.